सहकाऱ्याला की सहकाऱ्याशी?

‘पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा’ हा प्रश्न मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने सोडविलेला आहे. ‘सहकार्य’ हा शब्द आला, की विद्यार्थी न अडखळता लिहितो, ‘नागरिकांनी पोलिसांना सहकार्य करावे.’ गुण मिळतात, वही मिटते. पुढे तोच विद्यार्थी बँकेत, कचेरीत, शाळेत किंवा वडिलांच्या पेढीवर कामाला बसतो. दिवसाचे आठ-दहा तास ज्यांच्या सोबतीने काढायचे, अशी माणसे त्याच्या वाट्याला येतात, आणि तोच शब्द वागण्यात उतरविण्याची दुसरी परीक्षा सुरू होते. या परीक्षेला वेळेची मर्यादा नसते, आणि पुष्कळदा निवृत्तीच्या दिवशीही तिचा निकाल लागलेला नसतो.

यवतमाळ जिल्ह्यात दिवाळीच्या मागेपुढे कापसाचा हंगाम सुरू झाला, की वणी, राळेगाव, पांढरकवडा, घाटंजी, दारव्हा अशा गावांतील बाजार समित्यांपुढे आणि जिनिंगच्या फाटकांपुढे गाड्यांच्या रांगा लागतात. त्या दिवसांत ‘सहकार्य’ हा शब्द सर्वत्र ऐकू येतो. रांग मोडू नये म्हणून शेतकऱ्यांनी सहकार्य करावे. मापाला उशीर होत आहे, तरी व्यापारी बांधवांनी सहकार्य करावे. बँकेत रोकड आलेली नाही, म्हणून खातेदारांनी सहकार्य करावे. या सर्व वाक्यांचे एक लक्षण सहज ध्यानात येते. त्यांत सहकार्य मागितले जाते. ‘आम्ही सहकार्य करू’ असे लिहिलेला फलक शोधूनही सहसा सापडत नाही. जो शब्द केवळ मागण्यापुरता उरतो, त्याची नाण्याप्रमाणे झीज होते. त्यावरील मुद्रा पुसट होते आणि केवळ आकार शिल्लक राहतो.

वस्तुतः हा शब्द मोठ्या कुळातला आहे. मराठीत ‘सहकारी’ हे एकच रूप दोन ठिकाणी चालते. विशेषण म्हणून ते संस्थेला लागते: सहकारी बँक, सहकारी सूतगिरणी, सहकारी खरेदी-विक्री संघ. नाम म्हणून ते माणसाला लागते: ‘हे आमचे सहकारी.’ पहिल्या सहकाराचा इतिहास कायद्याच्या पुस्तकांत आहे. सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 साली झाला, त्याची कक्षा 1912 च्या कायद्याने वाढली, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आल्यावर 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला, आणि 2021 मध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन झाले. शतकभरात हा शब्द गावच्या पतपेढीच्या पाटीवरून दिल्लीच्या पाटीवर पोहोचला. दुसऱ्या सहकाऱ्याची, म्हणजे शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाची, नोंदणी मात्र कोठेही होत नाही. त्याला उपविधी नाहीत, वार्षिक सभा नाही, लेखापरीक्षण नाही. भागभांडवल किती असावे, हे कायदा ठरवू शकतो. परंतु मुलाला दवाखान्यात न्यावे लागलेल्या सहकाऱ्याचे उरलेले काम दुसऱ्याने न सांगता उरकावे, असे कलम कोणत्याही कायद्यात घालता येत नाही.

कायदे होण्याच्या कितीतरी आधी शेतकऱ्यांनी यासाठी एक शब्द घडविला होता: सावड. एका शेतकऱ्याकडे एकच बैल आहे, शेजाऱ्याकडेही एकच आहे. एका बैलाने नांगर चालत नाही. दोघे बैल एकत्र जुंपतात; आज याचे रान, उद्या त्याचे. यात कोणी कोणाला बैल दान देत नाही आणि भाड्यानेही देत नाही. दोघांनाही गरज आहे, दोघांकडेही अर्धे सामर्थ्य आहे, आणि दोन अर्धी सामर्थ्ये एका जुवाखाली आल्यावाचून पेरणी होणार नाही, हे दोघेही जाणतात. येथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मराठी शेतकरी शेजाऱ्या‘ला’ सावड करीत नाही. तो शेजाऱ्या‘शी’ सावड करतो.

‘ला’ आणि ‘शी’ हे दोन लहानसे प्रत्यय. शाळेच्या व्याकरणात ‘ला’ द्वितीया-चतुर्थीचा आणि ‘शी’ तृतीयेचा म्हणून पाठ केलेला असतो. चतुर्थी ही देण्याची विभक्ती आहे. मदत, दान, उपदेश, हुकूम, पगार, नोटीस, दंड ही सर्व कोणाला तरी दिली जातात. यांतील काही गोष्टी चांगल्या आहेत, काही कठोर आहेत. पण प्रत्येकीत एक देणारा आणि एक घेणारा आहे, आणि देणाऱ्याचा हात वर आहे. तृतीयेचा ‘शी’ सोबतीचा आहे. संस्कृतातही ‘सह’ या शब्दाच्या योगाने तृतीयाच येते. मैत्री कोणाशी तरी होते. करार, सौदा, व्यवहार, विवाह ही सर्व कोणाशी तरी होतात. स्पर्धा आणि भांडणसुद्धा कोणाशी तरीच होते. भांडताना का होईना, मराठी भाषा समोरच्याला बरोबरीचा मान देते.

या दोन प्रत्ययांमधील अंतर सर्वांत स्पष्ट दिसते ते ‘बोलणे’ या साध्या क्रियापदात. ‘शेठजी मुनीमजींशी बोलले’ म्हणजे दोघांत संवाद झाला. ‘शेठजी मुनीमजींना बोलले’ म्हणजे मुनीमजींची खरडपट्टी निघाली. क्रियापद तेच, माणसे तीच. केवळ प्रत्यय बदलला आणि दुकानातील हवा बदलली. ‘सहकार्य करणे’ हे क्रियापद मात्र उंबरठ्यावर उभे आहे. ‘त्याला सहकार्य करा’ असेही मराठीत म्हणतात आणि ‘त्याच्याशी सहकार्य करा’ असेही म्हणतात. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. त्यांतील मनोवृत्ती मात्र एक नाही. ‘त्याला’ म्हणताना सहकार्य हे मदतीच्या पंक्तीला जाऊन बसते: काम त्याचे आहे, मी कृपेने हात लावीत आहे. ‘त्याच्याशी’ म्हणताना ते सावडीच्या पंक्तीला येते: काम दोघांचे आहे. कचेऱ्यांमधील आणि पेढ्यांवरील कितीतरी कटुतेचे मूळ याच एका प्रत्ययाच्या गल्लतीत सापडते. एकजण समजतो, की त्याने उपकार केले. दुसरा समजतो, की ते दोघांचेच काम होते. पहिला आभाराची वाट पाहतो, दुसऱ्याला त्याची कल्पनाही नसते, आणि वर्षभराने दोघे एकमेकांशी कामापुरतेच बोलू लागतात.

जवळच्या अर्थाचे शब्द मराठीत पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाची जागा निराळी. ‘सलोखा’ म्हटले, की आधी तंटा झाला असावा असे वाटते. ‘एकोपा’ गावाला किंवा घराला शोभतो. ‘मैत्री’ला काम नसले तरी चालते. ‘सौहार्द’ हा सुहृदापासून आलेला सुंदर शब्द आहे. तो मनाची स्थिती सांगतो, हाताचे काम सांगत नाही. ज्यांना नियतीने किंवा नेमणुकीने एकत्र बसविले, ज्यांनी एकमेकांची निवड केलेली नाही, तरीही ज्यांच्यात काम करता करता जिव्हाळा उपजतो, त्यांच्या नात्याला ‘सौहार्दाचे सहकार्य’ असे दोन्ही शब्द मिळून म्हणावे लागते. सहकारी निवडता येत नाही. म्हणूनच तेथे स्नेह जपणे हे मैत्रीपेक्षा अवघड आहे.

मतभेद असताना ‘शी’ टिकविता येतो का, या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. लोकनायक माधव श्रीहरी तथा बापूजी अणे यांचा जन्म 1880 साली वणी येथे झाला, आणि यवतमाळ ही त्यांची कर्मभूमी. ते लोकमान्य टिळकांचे अनुयायी. सरकारच्या वागणुकीनुसार सहकार किंवा विरोध करावा, ही टिळकांची ‘प्रतियोगी सहकारिता’. तर महात्मा गांधींनी 1920 साली देशापुढे ‘असहकार’ ठेवला. त्या दशकात हिंदुस्थानचे राजकारण जणू ‘सहकार’ या एका शब्दाच्या उपसर्गांभोवती फिरत होते. अणे टिळकांच्या विचाराला धरून राहिले आणि 1926 च्या सुमारास प्रतियोगी सहकारितेच्या पक्षातील प्रमुखांत गणले गेले. तरीही 1930 साली गांधीजींचा सविनय कायदेभंग सुरू झाला, तेव्हा वऱ्हाडात समुद्र नाही आणि मिठागरे नाहीत, म्हणून जंगलचा कायदा मोडण्याचे ठरले. आणि 10 जुलै 1930 रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून अणे यांनी जंगल सत्याग्रह केला व अटक पत्करली. 1933 साली काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. 1934 साली जातीय निवाड्याच्या प्रश्नावर ते पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासह पुन्हा वेगळे झाले. 1941 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, आणि फेब्रुवारी 1943 मध्ये आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे एकवीस दिवसांचे उपोषण सुरू असताना सरकारच्या भूमिकेच्या निषेधार्थ एच. पी. मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासमवेत त्या पदाचा राजीनामा देऊन बाहेर पडले.

ज्यांच्याशी मत जुळत नव्हते, त्यांच्यासाठी पद सोडणे ही सोपी गोष्ट नव्हे. अणे यांच्या राजकीय निर्णयांविषयी त्या काळी वाद झाले आणि आजही होऊ शकतील. पण या घटनाक्रमातून एक गोष्ट निर्विवाद दिसते. सहकारी होण्यासाठी मत एकच असावे लागत नाही. त्यांचे गांधीजींशी मतभेद होते. आणि ‘शी’ कायम असल्यामुळे सोबत येण्याची वाटही कायम राहिली.

इतक्या उंचीवरून खाली उतरून एखाद्या तालुक्याच्या गावातील बँकेच्या शाखेत आले, तरी नियम तोच दिसतो. संगणक येण्यापूर्वीच्या काळात लेजरचे बॅलन्सिंग हा प्रत्येक शाखेचा ठरलेला यज्ञ असे. शेकडो खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरच्या आकड्याशी जुळली पाहिजे. समजा, फरक आला 900 रुपयांचा. अनुभवी माणूस प्रथम त्या फरकाला नऊने भागून पाहतो. नि:शेष भाग गेला, तर कोठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो: 5,400 ऐवजी 4,500 लिहिले गेले असतील. मग फरकाचा अर्धा करून पाहतो: 450 ची एखादी नोंद नावेच्या जागी जमेला पडली असेल. एकजण आकडे मोठ्याने वाचतो, दुसरा खुणा करीत जातो. संध्याकाळ होते, शिपाई चहा आणतो. ज्यांचे लेजर जुळलेले आहे, तेही जागचे हलत नाहीत. अशा वेळी चांगल्या शाखेत विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘चूक कोठे आहे?’ वाईट शाखेत प्रश्न असतो, ‘चूक कोणाची आहे?’ पहिल्या प्रश्नाने सगळ्यांचे डोळे वहीकडे वळतात, दुसऱ्याने एकमेकांकडे. फरक सापडल्यावर ज्येष्ठ अधिकारी केवळ ‘सापडला’ एवढेच म्हणतो आणि वही मिटतो. हस्ताक्षर कोणाचे, हे सर्वांना दिसलेले असते आणि कोणीही उच्चारीत नाही. ज्याची चूक असते, तो त्या मौनाची परतफेड पुढे कित्येक वर्षे करीत राहतो.

याच शाखेत या शब्दाचा एक धोकाही शिकायला मिळतो. स्ट्राँगरूमला दोन चाव्या असतात. एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोन्ही लागल्यावाचून दार उघडत नाही. व्हाउचर एकजण तयार करतो, दुसरा तपासून सही करतो. ही व्यवस्था अविश्वासातून निर्माण झाली, असे नवख्याला वाटते. ‘इतकी वर्षे सोबत आहोत, पाहायचे काय त्यात!’ असे म्हणून न वाचता केलेली सही मैत्रीची खूण मानली जाते. दुसऱ्याची चावी सोयीसाठी आपल्याच खणात ठेवली जाते. याला सहकार्य म्हणत नाहीत. ही भीड आहे. आणि भिडेला लोभाची जोड मिळाली, की मराठी भाषा तिला निराळा शब्द देते: संगनमत. पोलिसांच्या कागदपत्रांत तो नेहमी भेटतो. सहकार्य आणि संगनमत या दोन्हींत माणसे एकत्रच येतात, एकमेकांना सांभाळतात, एकमेकांविषयी गोडही बोलतात. फरक इतकाच, की सहकार्यात एकत्र आलेली माणसे कामाला सांभाळतात, आणि संगनमतात कामाचा बळी देऊन एकमेकांना सांभाळतात. ठेवीदारांचा पैसा बुडविणाऱ्या संस्थांच्या चौकशीत पुष्कळदा हेच आढळते, की सह्या करणारे एकमेकांचे शत्रू नव्हते. ते एकमेकांच्या फार भिडेत होते. खरा सहकारी सही करण्यापूर्वी व्हाउचर वाचतो. ते वाचणे म्हणजे सोबत्याला उद्याच्या संकटातून आजच सोडविणे होय.

प्रतिस्पर्ध्यांमध्येही सौहार्द असू शकते, याचा वस्तुपाठ जिल्ह्याच्या गावांतील क्लिअरिंगच्या टेबलावर रोज गिरविला जात असे. ठेवींसाठी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या बँकांचे प्रतिनिधी ठरलेल्या वेळी एका बँकेत जमत. प्रत्येकाच्या हाती इतर बँकांवरील धनादेशांचे गठ्ठे. प्रत्येकाने दिले किती आणि घेतले किती, यांचा तक्ता मांडला जाई. या तक्त्याचा गुणधर्म असा, की सर्वांचे देणे आणि सर्वांचे घेणे यांची वजाबाकी शून्यच आली पाहिजे. एका बँकेच्या प्रतिनिधीची बेरीज चुकली, तर बाकीच्या साऱ्यांचे काम अडते. म्हणून सकाळी ज्याचा खातेदार ओढून आणण्याची खटपट केली, दुपारी त्याच बँकेच्या माणसाची बेरीज शेजारी बसून तपासावी लागे. स्पर्धा बँकांशी होती, सहकार्यही बँकांशीच होते. प्रत्यय दोन्हीकडे एकच. पुढे धनादेशाची केवळ प्रतिमा पाठविण्याची पद्धत 2008 मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि क्रमाने देशभर पसरली. काम वेगवान झाले, चुका कमी झाल्या, आणि ते टेबल राहिले नाही. जुन्या मंडळींना त्या टेबलाची आठवण येते, ती धनादेशांमुळे नव्हे.

व्यापारी घराण्यांना हा सारा विषय नोकरदारांचा वाटण्याचा संभव आहे. पण कापसाच्या एका गाठीकडे पाहावे. 170 किलोची ती गाठ बांधली जाते, तेव्हा तिच्यात वेचणाऱ्या स्त्रियांचे, गाडीवानाचे, मापाड्याचे, हमालाचे, अडत्याचे, जिनिंगमधील कामगारांचे आणि हिशेब लिहिणाऱ्या मुनीमजींचे हात लागलेले असतात. यांतील कोणताही एक हात हंगामाच्या भरात थांबला, तर रुई ओली होते किंवा गाडी उभी राहते. पेढीचा मालक या सर्वांना पगार, मजुरी, अडत देतो. तेथे ‘ला’ योग्यच आहे. परंतु त्या देण्यावर त्यांचा त्याच्याशी असलेला संबंध संपतो, असे मानले की पेढी पोकळ होऊ लागते.

आज कितीतरी पेढ्यांवर एकच दृश्य दिसते. मुलगा वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आला आहे; 1 जुलै 2017 पासून जीएसटी लागू झाल्यावर सारा हिशेब संगणकावर गेला आहे. रोजमेळ आणि खतावणी ज्यांनी तीस-चाळीस वर्षे एकटाकी लिहिली, ते मुनीमजी कोपऱ्यात बसून पडद्याकडे पाहत असतात. मुलगा म्हणतो, ‘मुनीमजींना आता हे जमणार नाही.’ वाक्य खरे असेल. पण अर्धेच खरे आहे. कोणत्या गावचा कोणता शेतकरी पावसाने दगा दिला तरी शब्द पाळतो, कोणाच्या घरी लेकीचे लग्न आहे म्हणून चार महिने थांबावे, कोणत्या व्यापाऱ्याची हुंडी गोड बोलण्यावर स्वीकारू नये, हे ज्ञान कोणत्याही संगणकात भरलेले नाही. हा मुलगा खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, ‘मुनीमकाका, आकडे मी भरतो, माणसे तुम्ही सांगा,’ तर दोन एकबैली शेतकऱ्यांची सावड झाली. म्हाताऱ्याची उपयोगिता मान्य करणे ही दया नव्हे. तो शुद्ध व्यवहार आहे, आणि शुद्ध व्यवहारही कोणाशी तरीच होतो.

भावाभावांच्या भागीदारीतही हेच. पेढी तोट्याने बसते, तशी बोलण्यानेही फुटते. ‘दादांना विचारून सांगतो’ या वाक्यात आदर आहे. ‘दादांशी बोलून सांगतो’ या वाक्यात आदर आहे आणि स्वतःचे स्थानही आहे. मोठ्याने धाकट्याशी बोलण्याऐवजी धाकट्याला बोलण्याची सवय लावून घेतली, की एके दिवशी बाजारपेठेत त्याच आडनावाची दुसरी पाटी लागते. गावाला कारण कळत नाही. घराला ते ठाऊक असते.

जैन परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने, 1974-75 मध्ये, सर्व संप्रदायांनी मिळून जे प्रतीकचिन्ह स्वीकारले, त्याच्या तळाशी आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातील पाचव्या अध्यायाचे एक सूत्र आहे. त्यातील ‘उपग्रह’ हा शब्द आज वाचला, की अवकाशातील यंत्र डोळ्यांपुढे येते. सूत्रात त्याचा अर्थ आधार, उपकार असा आहे. आणि त्या उपकाराला ‘परस्पर’ हे विशेषण जोडलेले आहे. जीव एकमेकांना उपकारक आहेत; म्हणजे येथे कायमचा देणारा कोणी नाही आणि कायमचा घेणाराही कोणी नाही. ‘ला’ दोन्ही बाजूंनी लागला, की त्याचा आपोआप ‘शी’ होतो, हेच त्या ‘परस्पर’ शब्दाने साधले आहे.

त्याच ग्रंथाच्या सातव्या अध्यायात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना सांगितल्या आहेत. त्यांतील प्रमोद ही सहकाऱ्यांच्या जगातील सर्वांत कठीण भावना. आपल्याहून गुणांनी अधिक असणाऱ्याला पाहून होणारा निर्मळ आनंद म्हणजे प्रमोद. सहकाऱ्याच्या घरी दुःख झाले, तर धावून जाणारे पुष्कळ भेटतात. कारुण्याला ‘ला’ पुरेसा असतो. परंतु दोघे एकाच वर्षी नोकरीला लागले, एकाला बढती मिळाली आणि दुसरा राहिला; दोघे एकाच वर्षी अडतीत उतरले, एकाचे जिनिंग उभे राहिले आणि दुसऱ्याचे दुकान आहे तेथेच राहिले; अशा वेळी राहिलेल्याने गेलेल्याच्या पाठीवर हात ठेवून मनापासून हसणे, ही खरी परीक्षा आहे. तेथे सोबतीचा ‘शी’ टिकला, तर तो आयुष्यभर टिकतो. तेथे तुटला, तर नंतरचे सारे ‘कृपया सहकार्य करावे’ एवढ्यावरच चालते.

पर्युषणानंतर क्षमापनेचे संदेश शेकडोंनी पाठविले जातात. दूर देशी राहणाऱ्या, वर्षभरात एकदाही न भेटलेल्या, ज्यांच्याशी भांडण होण्याचा प्रसंगच आला नाही अशांनाही एका स्पर्शासरशी ‘मिच्छामि दुक्कडम्’ पोहोचते. त्यात वाईट काही नाही. पण ज्याच्याशी वर्षभर एकाच गादीवर बसून व्यवहार केला, ज्याला हंगामाच्या घाईत चारचौघांत टाकून बोलले गेले, ज्याच्या सूचनेचे श्रेय नकळत आपल्या नावावर जमा झाले, तो अनेकदा यादीत नसतो. कारण तो शेजारीच असतो. त्याला संदेश पाठवून भागत नाही. त्याच्याशी बोलावे लागते. क्षमापनेत मागणेही आहे आणि देणेही आहे. ती एकट्याने पुरी होत नाही. दोन चाव्यांच्या त्या दारासारखीच ती आहे.

शाळेतील प्रश्नाकडे परत यायचे, तर ‘सहकार्य’ या शब्दाचा उत्तम उपयोग बहुधा अशा वाक्यात होतो, की ज्यात तो शब्दच नसतो. संध्याकाळचे सात वाजले आहेत. शाखेचे किंवा दुकानाचे निम्मे दिवे मालवले गेले आहेत. एकाचा हिशेब अजून जुळलेला नाही. दुसऱ्याचे काम केव्हाच संपले आहे. त्याने डबा पिशवीत घातला आहे, चप्पलही पायांत सरकवली आहे. तो दारापर्यंत जातो, मागे वळून पाहतो, पिशवी पुन्हा टेबलावर ठेवतो आणि विचारतो, ‘किती राहिलं? चल, तू वाच, मी खुणा करतो.’